वर्गासाठी एक, व्याख्यानमालेसाठी दुसरं

ऐरोलीतल्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळाची तीन कामं ऑनलाइन चालतात. शिष्यवृत्तीच्या तयारीचा ३५ मुलांचा वर्ग, आठवड्यातून तीनदा. शनिवारी सकाळी दहा-बारा ज्येष्ठांचा गाण्याचा वर्ग. आणि जानेवारीत तीन दिवसांची व्याख्यानमाला, जी सोसायटीच्या हॉलमध्ये होते आणि पुण्याला, परदेशी गेलेले जुने रहिवासी घरून पाहतात. आजवर मोफत खात्यांवर भागवलं. वर्ग मध्येच तुटतो, मुलं परत गोळा होईपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. पैसे जवळपास नाहीत. ताई लिहितात, 'तिन्हींना चालेल असं एकच चांगलं फुकट सॉफ्टवेअर सांगा.'

ताई, तिन्हींना मिळून एक असं सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर त्याने यातलं एकच काम केलेलं असणार. एकाच पातेल्यात चहा, आमटी आणि खीर करता येते, पण प्रत्येकाला आधीच्याचा वास येतो. वर्गात पस्तीस जण दोन्ही बाजूंनी बोलतात. कोण गप्प आहे, कुणी हात वर केलाय, कुणाची वही कोरी आहे हे तुम्हाला दिसावं लागतं. व्याख्यानात एक बोलतो आणि दोनशे ऐकतात, उलट दिशेची वाहतूक फक्त प्रश्नोत्तरांच्या पंधरा मिनिटांत. गाण्याच्या वर्गात तर चित्र नसलं तरी चालेल, सूर पोचला पाहिजे. तीन वेगळी कामं आहेत ही.

आधी 'फुकट' या शब्दाचा हिशेब करू. झूमच्या मोफत खात्याला ४० मिनिटांची मर्यादा आहे, गुगल मीटला तिघं किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांची. दोन्हीकडे १०० माणसं. हे त्यांनी उघड लिहून ठेवलेलं आहे, त्यात लबाडी नाही. ही दुकानदाराने चाखायला दिलेली वाटी आहे. मुक्त सॉफ्टवेअर वेगळं. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासूनची ही कल्पना: प्रोग्रामचा मूळ कोड सगळ्यांना खुला, कुणीही तो आपल्या मशीनवर चालवावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्यांचा गोंधळ होतो. आपल्याकडे मुक्त आणि मोफत असे दोन स्वच्छ शब्द असूनही आपण गोंधळ घालतो, हे आपलं कौतुक.

मुक्त सॉफ्टवेअरला वेळेची मर्यादा नसते, कारण दारावर कुणी बसलेला नसतो. पण मग दार उघडायलाही कुणी नसतं. सर्व्हर लागतो, म्हणजे इंटरनेटवर सतत चालू असणारं मशीन, त्याचं भाडं लागतं, आणि सगळ्यात महाग म्हणजे एक माणूस लागतो. मी पंधरा-सोळा वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या क्लासेसना, मंडळांना, वाचनालयांना ही मांडणी करून देतोय. पहिल्या भेटीत मी एकच विचारतो: रविवारी रात्री नऊ वाजता हे बंद पडलं तर फोन कुणाला करायचा? उत्तरात एका माणसाचं नाव आलं, आणि तो माणूस समोर बसून मान डोलवत असला, तर पुढे बोलू. 'बघू, कुणीतरी आहे आपल्यात' असं उत्तर आलं तर स्वतःचा सर्व्हर हा विषय तिथेच संपवतो. बाकी सगळी तुलना याच्यानंतर.

आता वर्गाकडे येऊ. सॉफ्टवेअरलाही गायकांसारखं घराणं असतं, ते कशासाठी जन्माला आलं ते शेवटपर्यंत त्याच्या चालीत दिसतं. जित्सी हे गप्पांच्या घराण्यातलं. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग विद्यापीठात एमिल इवोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने २००३ च्या सुमाराला इंटरनेटवरून फोन करण्याचा एक प्रोग्राम लिहायला घेतला, त्याचं हे पुढचं रूप. बल्गेरियन भाषेत जित्सी म्हणजे वायरी. आज ते ८x८ या कंपनीकडे आहे, कोड खुलाच आहे. लिंक दाबली की माणूस आत, एवढी त्याची थोरवी. बिगब्लूबटन हे मात्र फळ्याच्या घराण्यातलं. कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात २००७ साली ते सुरू झालं ते शिकवण्यासाठीच. त्यामुळे त्यात उघडल्या उघडल्या समोर फळा असतो, कोपऱ्यात शिक्षक. मुलांच्या हाती खडू द्यायची सोय आहे, म्हणजे सगळे मिळून एकाच फळ्यावर लिहू शकतात. पटकन 'अ, ब, क, ड' असा कौल घेता येतो. वर्गाचे चार-पाच गट करून वेगवेगळ्या खोल्यांत पाठवता येतात आणि वेळ संपली की ते आपोआप परत येतात.

शिष्यवृत्तीच्या वर्गाला बिगब्लूबटनच हवं, असं माझं मत आहे. बुद्धिमत्ता चाचणीचा प्रश्न फळ्यावर टाकायचा, कौल घ्यायचा, किती जणांनी 'क' निवडलं ते पाहायचं आणि तिथेच थांबून 'क' का नाही ते सांगायचं. हे जित्सीत होत नाही असं नाही, पण ओढाताण होते.

अडचण अशी की बिगब्लूबटन चालवायला जड आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला उबंटू २२.०४ ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टम बसवलेलं, दुसरं काहीही नसलेलं कोरं मशीन लागतं, १६ जीबी मेमरी आणि प्रोसेसरचे ८ कोर. 'आमच्या वेबसाइटचा सर्व्हर आहेच, त्यावरच टाकू' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. आणि घरातला उत्साही पुतण्या जुन्या पीसीवर बसवून देतो म्हणाला तर त्याला आधी एक विचारा: घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र पब्लिक आयपी आहे का? आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनांवर अनेक घरं एका सामाईक पत्त्यामागे असतात. घरातून बाहेर सगळं दिसतं, बाहेरच्याला घर सापडत नाही. पुतण्याचे दोन रविवार यातच जातात. हे मी अनुभवाने सांगतोय, एकेकाळी पुतण्या मीच होतो.

मधला एक रस्ता आहे. मूडल हे ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली आणलेलं मुक्त सॉफ्टवेअर, ऑनलाइन शाळेचं दप्तर म्हणा: गृहपाठ, चाचण्या, गुण सगळं त्यात. २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून बिगब्लूबटन त्यात जोडूनच येतं, आणि त्यासोबत एक मोफत सर्व्हरही वापरायला मिळतो. त्याच्या अटी अशा: एका बैठकीत २५ माणसं, ६० मिनिटं, रेकॉर्डिंग सात दिवस टिकतं आणि उतरवून घेता येत नाही. तुमची मुलं ३५. मग दोन तुकड्या करा ना! सतरा-अठरा मुलांच्या दोन तुकड्या, प्रत्येकी पाऊण तास. तुमचा वेळ दुप्पट जाईल हे खरं. पण पस्तीस मुलांच्या ऑनलाइन वर्गात मागची पंधरा मुलं नावापुरती असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मूडलला फारसा जड सर्व्हर लागत नाही. मंडळाच्या वेबसाइटसाठी घेतलेल्या साध्या होस्टिंगवरही लहान शाळा चालून जाते. मूडल शिकायचं असेल तर आपल्या शेजारी पवईला, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे छोटे छोटे धडे आहेत, फुकट. या प्रकल्पातले बरेच धडे मराठीतूनही ऐकता येतात. आधी सरावाला लिबरऑफिसपासून, म्हणजे वर्ड-एक्सेलसारख्या मुक्त सॉफ्टवेअरपासून, सुरुवात करा. शिकवणारा आवाज सांगतो तसं शेजारच्या खिडकीत आपण करत जायचं, अशी त्याची रीत आहे.

तेही नको असेल, किंवा पुढच्या सोमवारीच वर्ग घ्यायचा असेल, तर जित्सीचा सार्वजनिक सर्व्हर. ऑगस्ट २०२३ पासून तिथे खोली उघडणाऱ्याला गुगल किंवा तशाच एखाद्या खात्याने लॉगइन करावं लागतं. बाकीच्यांना खातं लागत नाही, म्हणजे मुलांना काहीच करायचं नाही. एक काळजी घ्या. तिथे खोलीचं नाव हीच तिची किल्ली. टाळेबंदीच्या दिवसांत मी एका वर्गासाठी खोलीला नुसतं 'गणित' अशा अर्थाचं सुटसुटीत नाव दिलं होतं, मुलांना टाइप करायला सोपं म्हणून. तिसऱ्या दिवशी आत गेलो तर कुठलीशी दुसरीच आठ-दहा मुलं आणि त्यांच्या बाई तिथे बसलेल्या. त्यांनीही तेच सुटसुटीत नाव शोधलं होतं. दोन्ही बाजू एकमेकांना 'तुम्ही कोण?' विचारत होत्या. चूक माझी. नाव लांब, अर्थहीन आणि अंक घातलेलं ठेवा, लॉबी चालू करा म्हणजे प्रत्येकाला तुम्ही आत घ्याल तेव्हाच तो येईल, आणि लिंक सोसायटीच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर नको, पालकांच्या ग्रुपवरच टाका.

डेटाचा हिशेब सगळ्यात आधी कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त तोच बोचतो. तुमची निम्मी मुलं आईच्या किंवा बाबांच्या फोनवर, दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर असणार. नुसता आवाज साधारण सेकंदाला ४० किलोबिटमध्ये जातो. तासाला १८ एमबी. चिल्लर आहे. एका चेहऱ्याचं बऱ्यापैकी चित्र ५०० किलोबिट धरलं तर तासाला २२५ एमबी. आता दहा चेहरे दिसताहेत: सव्वादोन जीबी. पॅक पाऊण तासाच्या आत संपला आणि रात्री बाबा विचारतात की नेट का चालत नाही. प्रोग्राम हुशार असतात, लहान चौकटीला लहान चित्र पाठवतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा इतका चढत नाही. पण दिशा हीच. सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर आणखी गंमत. तीस जणांचे कॅमेरे चालू असतील तर प्रत्येकाचं चित्र उरलेल्या एकोणतिसांना पाठवायचं, म्हणजे ८७० प्रवाह. फक्त तुमचा कॅमेरा चालू असेल तर २९.

म्हणून माझ्या वर्गांत नियम असा: सुरुवातीची दोन मिनिटं सगळ्यांचे कॅमेरे चालू, हाय-बाय, कोण कोण आलंय, कुणाच्या मागे मांजर आहे. मग बंद. ज्याला उत्तर द्यायचंय तो चालू करतो. मुलांनाही ते आवडतं. कॅमेरा चालू करणं म्हणजे फळ्याजवळ येणं.

स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतलात तर तो मुंबई विभागातला घ्या. युरोपातला स्वस्त मिळतो, पण तिथे जाऊन यायला आवाजाला शंभरहून जास्त मिलिसेकंद लागतात, शिवाय वाटेतले हेलकावे. पाढे म्हणून घेताना हे जाणवतं, मुलं एकमेकांच्या पायात पाय घालतात. तुम्ही तर ऐरोलीत राहता, तुमच्या घरापासून महापेपर्यंत डेटा सेंटरच्या इमारतींची रांग आहे, आणि आपला वर्ग जर्मनीला जाऊन परत येणार! भाड्याखेरीज बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे बरेच जण वेगळे लावतात, ते आधी वाचा. तुमचं एक मेगाबिटचं चित्र ३५ जणांना तासभर पाठवलं की पावणेसोळा जीबी जातं. आठवड्याला तीन वर्ग, महिन्याला बारा: सुमारे १८९ जीबी. एकट्या मंडळाला हा खर्च डोईजड वाटेल, पण वेगवेगळ्या वेळी वर्ग घेणाऱ्या चार मंडळांनी मिळून एक सर्व्हर घेतला तर तो प्रत्येकाला स्वस्त पडतो. मी असं दोनदा जमवून दिलं आहे. एकदा टिकलं, एकदा रेकॉर्डिंगने डिस्क कुणी भरली यावरून मोडलं. रेकॉर्डिंगचे नियम आधी कागदावर लिहा.

रेकॉर्डिंगवरून आठवलं. बिगब्लूबटनमध्ये बैठक रेकॉर्ड करता येण्यासारखी ठेवली असेल तर लाल बटण दाबल्यावर अनेकदा फक्त खूण होते. अशा वेळी मूळ सामग्री सर्व्हरवर पूर्ण बैठकीची साठत असते आणि मग खुणांमधला भाग कापून दाखवला जातो. बटण बंद आहे म्हणून सांभाळणाऱ्याच्या हाती काही नाही, असं समजू नका. वर्ग मुलांचा आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीने अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा आहे. पालकांकडून वर्षाच्या सुरुवातीला एका ओळीची लेखी संमती घ्या, आणि जो वर्ग रेकॉर्ड करायची गरज नाही तो करूच नका. मुलं रेकॉर्ड झालेला वर्ग परत पाहतात ही समजूत मी फार वर्षांपूर्वी सोडली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन-तीन मुली पाहतात, बस.

फळ्यावर टाकायच्या पानांबद्दल. तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी सारखीच उमटावी अशा पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये असतील. त्या वर्डच्या फाइल तशाच चढवल्या तर बिगब्लूबटन त्यांचं रूपांतर सर्व्हरवर करतं, सर्व्हरवर तो फॉन्ट नसतो, आणि 'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा' च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. आपल्या संगणकावरच पीडीएफ करा आणि ती चढवा, अक्षरं त्यातच गुंडाळून येतात. नवीन काही टाइप करणार असाल तर युनिकोडच. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट आहे, परवाना खुला, लहान स्क्रीनवर वाचायला छान. जोडाक्षरं नीट उभी राहतात. आणि तुम्ही स्वतः फोनवरून शिकवत असाल तर एक लक्षात ठेवा, फोनच्या ब्राउझरमधून स्क्रीन दाखवता येत नाही. शिकवणाऱ्याला लॅपटॉप लागतोच, सेकंडहँड चालेल.

गाण्याचा वर्ग. इथे बहुतेक सगळे फसतात, कारण सॉफ्टवेअर काम चोख करत असतं. या सगळ्या प्रोग्रामांना शिकवलेलं असतं की माणसाचं बोलणं ठेवा, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, एसी, गोंगाट, तो काढून टाका. आणि एकसारखा चालणारा आवाज आणखी कुणाचा? तानपुऱ्याचा. कळव्यातल्या एका बाईंच्या वर्गात मी हे पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या खोलीत तानपुरा घुमत होता, मी शेजारी बसून ऐकत होतो, आणि माझ्याच फोनवर हेडफोन लावला तर बाई हवेत गात होत्या. पहिले दोन-तीन सेकंद तानपुरा ऐकू यायचा, मग जणू कुणी हळूच तारांवर हात ठेवला. लांबवलेला 'सा'सुद्धा मध्येच विरळ व्हायचा. विद्यार्थिनींना वाटायचं बाईंचा दम कमी पडतोय!

जित्सीत आवाजावरची ही सगळी प्रक्रिया बंद करता येते. मीटिंगच्या लिंकच्या शेवटी एक सूचना जोडायची असते, तुमच्याकडचा कुणी जाणता पाच मिनिटांत करून देईल. ती बंद केली की प्रतिध्वनी मारणारी यंत्रणाही जाते, म्हणून मग प्रत्येकाला हेडफोन सक्तीचा, आणि तोही वायरचा. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा आवाजाचा दर्जा जुन्या टेलिफोनइतका उतरतो. दहा-बारा ज्येष्ठांच्या कानात वायरचे हेडफोन घालणं हे या सगळ्या उत्तरातलं सगळ्यात अवघड काम आहे, याची मला कल्पना आहे.

आणि एकत्र गाणं विसरा. बाई 'सा' देतात, तो पोचायला वेळ, उत्तर परत यायला वेळ; दहा जण एकत्र गायले की समेवर दहा वेळा येतात. जमुलस आणि सोनोबस नावाची मुक्त सॉफ्टवेअर खास संगीतासाठी आहेत, त्यांत हा उशीर खूप कमी होतो, पण त्यांना वायरचं नेट आणि बरं साउंड कार्ड लागतं. तुमच्या वर्गाला मी ते सुचवणार नाही. बाईंनी गायचं, बाकीच्यांनी म्यूट करून आपापल्या घरी सोबत गायचं, मग एकेकाने ऐकवायचं. तानपुरा प्रत्येकाने आपल्या घरी, दुसऱ्या फोनवर ॲपमधून लावायचा. तोच स्वर, आपापल्या खोलीत.

व्याख्यानमालेला यातलं काहीच नको. तिथे प्रक्षेपण हवं आणि त्यासाठी ओबीएस स्टुडिओ. जिम बेली यांनी २०१२ मध्ये सुरू केलेलं, पूर्ण मुक्त, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं. कॅमेरा, वक्त्याच्या पाट्या, खाली नावाची पट्टी सगळं एकत्र करून ते यूट्यूबकडे पाठवतं. यूट्यूब काही मुक्त नाही, हे मान्य. त्याला मुक्त पर्याय पीअरट्यूब आहे, फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट या संस्थेचा, आणि तुमच्यातल्या कुणाला हौस असेल तर रेकॉर्डिंगं तिथेही ठेवा. पण न्यू जर्सीतल्या आजोबांना टीव्हीच्या रिमोटवर यूट्यूब सापडतं, दुसरं काही सापडत नाही. माझं तत्त्व आजोबांच्या रिमोटपर्यंतच जातं. चॅनेल मात्र डिसेंबरातच उघडा. फोन नंबरची खातरजमा करावी लागते आणि पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. फोनवरून थेट जायचं तर किमान ५० सदस्य लागतात. व्याख्यानाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता हे कळलेली मंडळं मी पाहिली आहेत.

चित्राची काळजी करू नका, आवाजाची करा. एका हॉलमध्ये मला उशिरा बोलावलं होतं. लॅपटॉप शेवटच्या रांगेत, टेबलावर, बरोबर पंख्याखाली. चित्र झकास. आवाज लॅपटॉपच्याच माइकचा. वक्ते व्यासपीठावर उत्तम बोलत होते आणि घरी बसलेल्या साठ जणांना पंखा, पुढच्या रांगेतला खोकला आणि वेफर्सचं पाकीट ऐकू येत होतं. वक्ते कुठेतरी विहिरीत. त्या दिवसापासून मी पहिला माणूस गाठतो तो साउंडवाला. त्याच्या मिक्सरला 'ऑक्स' किंवा 'रेकॉर्ड आउट' असं एक भोक असतं. तिथून वायर काढायची. ती लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात थेट जात नाही, कारण तिथे हेडसेटचा माइक अपेक्षित असतो. एक यूएसबी साउंड कार्ड घ्या, लाइन इन असलेलं. वायर जोडल्यावर 'हूंऽऽ' असा घुमा ऐकू आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घुमा गेला? मग चार्जर मिक्सर ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावर लावा. दोन वेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांमुळे हे होतं. ओबीएसमध्ये आवाजाची पट्टी हिरवी, पिवळी, लाल अशी असते. वक्ता जोरात बोलला की ती पिवळ्यात नाचावी. लाल म्हणजे आवाज फाटणार. साउंडवाला हॉलसाठी आवाज वाढवेल तेव्हा तुमचाही वाढेल, म्हणून त्याच्या जवळ बसा आणि त्याला चहा द्या.

प्रक्षेपणाला ७२० पी, सेकंदाला ३० चित्रं, २५०० किलोबिट एवढं पुरे. तासाला सुमारे १.२ जीबी वर जातं. हॉलचं वायफाय तपासताना सगळे डाउनलोड बघतात. तुम्ही अपलोड बघा, पाच मेगाबिट तरी स्थिर हवं. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉट म्हणून तयार ठेवा, आणि दीड जीबीच्या पॅकवर दोन तासांचं व्याख्यान मावत नाही हेही बघून ठेवा. प्रक्षेपणासोबत लॅपटॉपवरही रेकॉर्ड करा, फाइलचा प्रकार एमकेव्ही निवडा. वीज गेली, लॅपटॉप बंद पडला तरी तोवरचं वाचतं. साधी एमपी४ फाइल अर्धवट राहिली तर उघडतच नाही. नंतर ओबीएसमधूनच तिची एमपी४ करून घेता येते. वक्ते येईपर्यंत हॉलमध्ये जुनी भावगीतं लागतात, तेवढा वेळ प्रक्षेपणाचा आवाज बंद ठेवा, नाहीतर व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच कॉपीराइटचा दावा दारात येतो.

परदेशातला वक्ता असेल तर त्याला पहाटे चारला उठवू नका. २०२० च्या ऑगस्टमध्ये डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टम बनवणाऱ्या मंडळींनी आपली वार्षिक परिषद, डेबकॉन्फ, पूर्ण ऑनलाइन घेतली. त्यांनी बरीच भाषणं आधी रेकॉर्ड करून घेतली आणि प्रश्नोत्तरं तेवढी जित्सीवर प्रत्यक्ष. जगभर विखुरलेल्या, स्वतः सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लोकांनीसुद्धा अख्खं भाषण नेटच्या भरवशावर टाकलं नाही. तुम्हीही तेच करा. घरच्या प्रेक्षकांचे प्रश्न चॅटमध्ये येतील, पण त्यांच्याकडे चित्रच दहा-वीस सेकंद उशिरा पोचतं. अध्यक्षांनी 'काही प्रश्न?' विचारून पाच सेकंदांत 'नाही? बरं' म्हणू नये. एका मुलीला कागद-पेन देऊन चॅटसमोर बसवा. व्याख्यान चालू असतानाच प्रश्न टिपून घेईल आणि चिठ्ठ्या पुढे पाठवेल.

नावनोंदणीसाठी, तिकिटांसाठीही मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण तुम्हाला लागणार नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज टाका.

तर क्रम असा ठेवा. या शनिवारी गाण्याच्या वर्गात जित्सीची ती सूचना जोडून बघा. बाईंना तानपुरा लावून एक मिनिट गप्प बसायला सांगा, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून ऐका. मिनिटभर तारा ऐकू येत राहिल्या तर ते काम झालं. शिष्यवृत्तीच्या वर्गाच्या दोन तुकड्या करून मूडल दिवाळीच्या सुट्टीत उभं करा, शाळा सुरू असताना नको. व्याख्यानमालेच्या आदल्या संध्याकाळी हॉल तासभर मागून घ्या, साउंडवाल्याला त्याच वेळी बोलवा, आणि चॅनेलवर 'अनलिस्टेड', म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसणारं, प्रक्षेपण लावून लिंक पुण्यातल्या एखाद्या जुन्या शेजाऱ्याला पाठवा आणि त्याला फोनवर विचारा की आवाज कसा येतोय. 'दिसतंय का' असं विचारू नका, दिसत असतंच.